स्पेक्ट्रोस्कोपीचा फायबर प्रोब: टोकाचे शेवटचे दोन मिलिमीटर

गारगोटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं मी एकाच गोष्टीच्या मागे आहे. तोंडाच्या आतल्या अस्तरावर फायबरने प्रकाश टाकायचा, परत आलेला प्रकाश स्पेक्ट्रोमीटरमध्ये (प्रकाशातले रंग वेगवेगळे करून मोजणारं यंत्र) न्यायचा आणि त्यावरून सांगायचं की ही जागा निरोगी आहे, नुसती सुजलीये की कर्करोगाच्या वाटेवर आहे. लेझर, स्पेक्ट्रोमीटर, डिटेक्टर यांच्यावर बोलणारे भरपूर भेटतात. पेशंटला जे खरं टेकतं ते प्रोबचं टोक, त्याबद्दल मात्र सगळे एका ओळीत उरकतात, म्हणून हा धागा काढतेय.

आधी आमच्याकडे काय झालं ते सांगते. पहिला प्रोब नेहमीचाच, मधल्या फायबरमधून प्रकाश आत आणि भोवतीच्या सहा फायबरमधून बाहेर, सगळ्यांचा गाभा २०० मायक्रॉन, एनए (न्यूमरिकल ॲपर्चर, म्हणजे फायबरमधून प्रकाशाचा शंकू किती रुंद निघतो त्याचं माप) ०.२२. इंट्रालिपिड (प्रकाश विखुरणारं दुधाळ द्रव) आणि हिमोग्लोबिन घालून फँटम, म्हणजे टिश्यूची नक्कल, केलं, त्यावर दहा वेळा मोजलं तरी रेषेवर रेषा बसत होती. मग पेशंटवर लावला आणि गालाच्या आत एकाच जागी तीनदा टेकवला तर तीन वेगळे स्पेक्ट्रम. आठवडाभर आम्ही दिवा तपासला, सीसीडीचं (प्रकाश टिपणाऱ्या चिपचं) तापमान तपासलं, कनेक्टर पुसले, सॉफ्टवेअरमध्ये शोधलं. शेवटी मी स्वतःच्या ओठाच्या आत प्रोब धरला आणि स्क्रीनकडे बघत हळूहळू दाबत गेले, तर रक्ताच्या खुणा डोळ्यांसमोर पुसट होत गेल्या.

म्हणजे असं, की ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरला प्रचंड शोषतं आणि मग ५४२ आणि ५७७ ला दोन लहान खळगे दिसतात. प्रोब दाबला की केशवाहिन्यांमधलं रक्त बाजूला सरकतं, दोन्ही खळगे उथळ होतात. तसाच दाबून धरून ठेवला तर उरलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपत जातो, दोन खळग्यांमधला उंचवटा बसतो आणि ५५५ च्या आसपास एकच पसरट खळगा राहतो. गाठीच्या जागी रक्तवाहिन्या वाढतात, हीच तर आम्हाला शोधायची खूण, आणि ती आमच्याच हाताने पुसली जात होती!

दुसरी अडचण खोलीची. बहुतेक बिघाड सुरू होतो एपिथेलियमच्या, म्हणजे अस्तराच्या सगळ्यात वरच्या पेशीथराच्या, तळाशी, आणि तोंडात एपिथेलियमची जाडी जागेनुसार शंभर-दोनशे मायक्रॉनपासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बदलते. त्याखाली कोलॅजन (आधार देणारं तंतुमय प्रथिन) आणि रक्त. माझा प्रोब वरच्या थरातलं किती आणि खालचं किती गोळा करतोय हे मी प्रोब बनवून झाल्यावर विचारलं, आधी विचारायला हवं होतं. आता माझं ठाम मत झालंय की कुठल्या खोलीवरचा प्रकाश पाहिजे ते पहिलं ठरवावं, त्यावरून टोक, आणि टोकावरून बाकीचं मशीन. आम्ही बरोबर उलटं गेलो.

ज्यांनी प्रोब बनवलेत, वापरलेत, फेकून दिलेत, सगळ्यांनी लिहा. विशेषतः उथळ थर पकडायला काय केलंत?

वाटसरू

विषय माझा नाही पण वाचताना थांबवेना. एक मूलभूत शंका. नुसत्या प्रकाशावरून आजार कळतो तो कसा? डॉक्टर पण डोळ्यांनी बघतातच की, तोही प्रकाशच झाला ना.

गारगोटी

शंका अगदी योग्य आहे. डोळा सगळे रंग तीन खणांत गोळा करतो, लाल हिरवा निळा. स्पेक्ट्रोमीटर तोच प्रकाश हजारभर खणांत वाटतो, त्यामुळे "लालसर" या एका शब्दात लपलेलं रक्त किती, त्यात ऑक्सिजन किती, पेशींनी प्रकाश किती विखुरला, हे वेगवेगळं काढता येतं. ही झाली डिफ्यूज रिफ्लेक्टन्स. दुसरी पद्धत फ्लुरोसन्स, ३४० नॅनोमीटरच्या आसपास उत्तेजित केलं की पेशींमधलं एनएडीएच साधारण ४५० ते ४६० ला उजळतं, ४५० च्या निळ्याने एफएडी ५२५ च्या पुढे हिरवं उजळतं, कोलॅजन ४०० च्या आसपास. एनएडीएच आणि एफएडी हे पेशींच्या चयापचयातले रेणू, चयापचय बदलला की त्यांचं प्रमाण बदलतं, आणि एपिथेलियम जाड झालं, खालचं कोलॅजन विरघळायला लागलं की तो उजेड मंदावतो. तिसरी रामन, त्यात रेणूंचीच ओळख पटते, पण सिग्नल अतिशय क्षीण. त्यावर इथे कुणीतरी माझ्यापेक्षा चांगलं लिहील.

कंदील

वाचनखूण साठवली. मी ऑप्टिक्सवाला आहे, पेशंट कधी पाहिले नाहीत, प्रोब मात्र पुष्कळ घासलेत. तुमच्या खोलीच्या प्रश्नापासून सुरू करतो.

०.२२ एनए म्हणजे हवेत अर्धा कोन १२.७ अंश, हे सगळ्यांना पाठ असतं. पण टिश्यूचा अपवर्तनांक १.४ च्या आसपास, तिथे तोच कोन ९ अंशांवर येतो. आता दोन फायबर शेजारी ठेवा, गाभा २००, केंद्र ते केंद्र २५० मायक्रॉन. दोन गाभ्यांच्या कडांमध्ये ५० मायक्रॉनची फट राहते, आणि ९ अंशाने पसरणारे दोन शंकू एकमेकांना शिवायलाच १६० मायक्रॉन खोल जावं लागतं. म्हणजे तुमच्या सहा-भोवती-एक प्रोबला वरचा १६० मायक्रॉनचा थर जवळजवळ आंधळा! टिश्यूत प्रकाश साधारण दर १०० मायक्रॉनला एकदा विखुरतो त्यामुळे अगदी शून्य येणार नाही, थोडा वळून येतो, पण जो येतो त्यातला बराचसा खालच्या थरात फिरून आलेला. तुमच्या स्पेक्ट्रममध्ये रक्त एवढं ठळक दिसत होतं आणि दाबाने एवढं बदलत होतं त्याचं एक कारण हेच असणार, प्रोब मुळातच रक्ताच्या थराकडे बघतोय.

मग सगळे म्हणतात फायबरची टोकं तिरकी घासा, शंकू एकमेकांकडे वळवा. इथे एक सापळा आहे, मी स्वतः त्यात सापडलोय. २० अंश तिरकं घासलेलं सिलिकाचं फायबर हवेत जवळपास १० अंश वळवतं, टेबलावर कागद धरून बघितलं की मस्त दिसतं. तेच टोक पाण्यात बुडवा, वळण उरतं जेमतेम २ अंश. सिलिका १.४५ आणि पाणी १.३३ यांच्यात फरकच किती? तोंडात लाळ आहे, पोटात द्रव आहे, सगळीकडे ओलं. तिरक्या टोकाला ताकद मिळते ती समोरच्या हवेमुळे. म्हणून ती टोकं मागे ठेवायची, पुढे एक पातळ खिडकी चिकटवायची आणि मध्ये हवेची फट कायम बंद करून ठेवायची. हे केलं की शंकू खिडकीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर किंवा जरा पुढे भेटतात. फट मात्र खरंच बंद पाहिजे, एकदा ओल शिरली की सगळं गणित गेलं आणि बाहेरून बघून कळतही नाही.

खिडकीची किंमत पण मोजावी लागते. प्रोब टिश्यूला नीट टेकला असेल तर बाहेरच्या पृष्ठभागावरून परावर्तन नगण्य, पण किंचित उचलला गेला आणि मध्ये हवा आली की सिलिका-हवा सीमेवर ३.४ टक्के प्रकाश थेट परत. टिश्यूतून तुमच्या फायबरमध्ये परत येणारा प्रकाश यापेक्षा कितीतरी कमी असतो, म्हणजे सिग्नल त्या झगमगाटात बुडाला. म्हणून खिडकीची जाडी अशी निवडायची की बाहेरच्या पृष्ठभागावर आरशासारखं परतणारं किरण गोळा करणाऱ्या फायबरच्या शंकूत पडू नये. किरण सोडून बघायला सॉफ्टवेअर आहेच, पण पहिल्यांदा कागदावर स्केलने काढा, अर्ध्या तासात निम्मे पर्याय बाद होतात.

आणि एक गोष्ट जी लोक विसरतात, दुसरं टोक. ०.२२ एनए म्हणजे साधारण एफ/२.३ (हा आकडा जितका मोठा तितका शंकू अरुंद). स्पेक्ट्रोमीटर एफ/४ असेल तर तुम्ही एवढ्या कष्टाने गोळा केलेल्या प्रकाशातला तिसरा हिस्साच आत जातो, बाकीचा आतल्या भिंतींवर आपटतो आणि भटका प्रकाश बनून सीसीडीवर येतो. तुमचा स्पेक्ट्रोमीटर कितीचा आहे?

गारगोटी

एफ/४. लिहितानाच वाईट वाटतंय. १६० मायक्रॉनचा हिशोब मी काल रात्री तीनदा करून पाहिला, तुमचं बरोबर आहे.

सुईदोरा

मी तोंडाच्या शस्त्रक्रिया करते, आणि अशा दोन प्रोबच्या चाचण्यांमध्ये माझे पेशंट होते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. इंजिनियर मंडळींनी राग मानू नये.

दाबाबद्दल गारगोटी म्हणतात ते शंभर टक्के खरं, आणि त्यात हाताचा दोष नाहीये. पेशंटचं तोंड उघडं, जीभ हलतेय, लाळ साठतेय, मला एका हाताने गाल बाजूला धरायचाय आणि दुसऱ्या हाताने प्रोब. केबल जाड आणि ताठ असेल तर ती स्वतःच टोकाला एका बाजूला ढकलते, मी ती ताकद जाणवू नये म्हणून उलट दाबते, आणि माझ्या नकळत तुमचा स्पेक्ट्रम बदलतो. त्यामुळे टोकाएवढंच लक्ष शेवटच्या मीटरभर केबलकडे द्या, मऊ आणि हलकी करा. टोकाची कड धारदार नको, ओल्या अस्तरावर ती रुतते. आणि प्रोब पेनासारखा धरता आला पाहिजे, आम्हाला तीच सवय आहे.

दुसरं, क्रम. एका चाचणीत आधी भूल दिली जायची आणि मग मोजमाप. भुलीच्या इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा ॲड्रिनलिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं, ती जागा पांढरी पडते. मग तुम्ही मोजताय ती सुईची करामत, आजार नाही. बायोप्सीनंतर मोजायचा तर प्रश्नच नाही, सगळीकडे रक्त. म्हणून आधी प्रकाश, मग भूल, मग तुकडा, आणि तुकडा अगदी त्याच जागेचा. तुमचा प्रोब मिलिमीटरभर जागा बघतो, माझा तुकडा तीन-चार मिलिमीटरचा असतो, आणि पॅथॉलॉजिस्ट त्या तुकड्यातली सगळ्यात वाईट जागा शोधून रिपोर्ट लिहितात. ती वाईट जागा तुमच्या प्रोबखाली होतीच असं नाही. "मशीन चुकलं" म्हणण्याआधी हा हिशोब लावा. आम्ही आता मोजलेल्या जागी शाईचा ठिपका देतो, पण मोजून झाल्यावर, आधी नाही, कारण शाई पण प्रकाश शोषते.

ज्यांना एंडोस्कोपमधून जायचंय त्यांच्यासाठी. पोटाच्या नेहमीच्या स्कोपचा चॅनेल २.८ मिमी असतो, फुफ्फुसाच्या स्कोपचा बऱ्याचदा २ मिमी. २.८ च्या चॅनेलमधून २.८ चा प्रोब जात नाही, वंगण आणि वळण दोन्ही धरून बरीच जागा सोडावी लागते. टोकाचा ताठ भाग लांब असला तर स्कोप वाकवलेल्या ठिकाणी तो अडतो, जोर लावला तर चॅनेल आतून फाटतो आणि दुरुस्तीला महिने जातात. आणि स्कोपचा स्वतःचा दिवा चालू असतो हे विसरू नका, तो बंद केला की त्या क्षणी आम्ही आंधळे. एक सेकंद चालेल. पाच सेकंद नाही.

गारगोटी

ॲड्रिनलिनचं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आमच्या नोंदींमध्ये भूल कधी दिली ती वेळच लिहिलेली नाहीये, आता फॉर्ममध्ये रकाना टाकते. डॉक्टर, मनापासून आभार.

दाबावर आम्ही काय केलं ते लिहिते, बाकीच्यांना उपयोग होईल. पहिला विचार होता फोर्स सेन्सर बसवायचा, पण टोकाजवळ बसेल एवढा लहान, निर्जंतुक करता येईल असा, आणि वायर ओढावी न लागणारा, हे जमेना. मग आतली फायबरची नळी एका बारीक स्प्रिंगवर ठेवली, बाहेरची नळी हातात. टेकवलं की आतली नळी मागे सरकते, त्यामुळे हात दोन मिलिमीटर पुढेमागे झाला तरी टोकावरचा जोर फारसा बदलत नाही. स्प्रिंग जितकी मऊ तितकं चांगलं, पण प्रोब उलटा धरल्यावर आतल्या नळीचं वजनच स्प्रिंग दाबायला लागतं, तिथे थांबायचं.

शिवाय सॉफ्टवेअरमध्ये पहारा बसवला. सलग लहान लहान स्पेक्ट्रम घेतो, टेकल्याक्षणापासून, आणि ५४२ व ५७७ च्या खळग्यांची खोली बघत राहतो. ती स्थिर असतानाचेच ठेवायचे, उतरायला लागली की पुढचे फेकायचे. यातून एक अनपेक्षित गोष्ट कळली. टेकल्यावर पहिल्या सेकंदात मिळतं ते सगळ्यात चांगलं, त्यानंतर प्रत्येक सेकंदाला टिश्यू थोडं थोडं आपल्या प्रोबमुळे बदललेलं असतं. आम्ही आधी पाच-सहा सेकंद गोळा करून सरासरी काढायचो, नॉइज कमी व्हावा म्हणून. नॉइज कमी झाला, पण मोजत होतो ते दाबलेलं टिश्यू.

उंबरठा

रामनवाली आले. उशीर झाला, पण कंदील यांनी भूमितीचं एवढं नीट लिहिलंय की मला थेट मुद्द्यावर येता येईल.

२८ फेब्रुवारी १९२८ ला रामन यांनी जो परिणाम नोंदवला त्यात अडचण आजही तीच, लाखो-कोटी फोटॉनमधला एखादाच रंग बदलून येतो. आणि फायबर स्वतः सिलिकाचं असतं. लेझर टिश्यूपर्यंत पोचायच्या आधी त्याने दोन-तीन मीटर काच पार केलेली असते, आणि त्या काचेचा रामन सिग्नल टिश्यूच्या काही मिलिमीटरच्या भागापेक्षा कितीतरी जास्त. सिलिकाचे पट्टे ४४०, ४९०, ६००, ८०० वेव्हनंबरच्या (रंग लेझरपासून किती सरकला ते मोजायचं एकक) आसपास, शेपटी १००० पर्यंत. आपल्याला टिश्यूचे पाहिजेत ते ८०० ते १८०० मध्ये, म्हणजे त्याचा सुरुवातीचा भाग गढूळ.

म्हणून टोकावर फिल्टर लागतातच. लेझर नेणाऱ्या फायबरसमोर फक्त लेझरचा रंग जाऊ देणारा, म्हणजे काचेचा स्वतःचा आवाज तिथेच थांबतो. गोळा करणाऱ्यांसमोर लेझर अडवणारा, नाहीतर टिश्यूवरून परतलेला लेझर त्या फायबरमध्ये शिरून पुन्हा काचेचा रामन बनवतो. दुसरा फिल्टर पेटीत स्पेक्ट्रोमीटरजवळ ठेवला की भागतं असं वाटतं, पण तोपर्यंत उशीर झालेला असतो, घाण फायबरमध्येच तयार झालीये. तो दोन मिलिमीटरच्या टोकातच बसवावा लागतो, मधोमध भोक असलेली बारीक चकती, आणि भोकात पहिला फिल्टर.

आता माझी चूक. फिल्टर ज्या कंपनीकडून घेतला त्यांचा आलेख एकदम खड्या कडेचा होता. टोकात बसवल्यावर कड वितळल्यासारखी झाली. कारण आलेख सरळ पडणाऱ्या किरणांचा असतो, आणि उघड्या फायबरमधून ०.२२ एनएचा अख्खा शंकू येतो. तिरक्या किरणांसाठी अशा फिल्टरची कड निळ्याकडे सरकते, या शंकूच्या कडेला आमच्या ७८५ नॅनोमीटरच्या लेझरजवळ हे सरकणं ५ नॅनोमीटरच्या घरात जातं, म्हणजे ऐंशीएक वेव्हनंबर! सरळ किरणांना वेगळी कड, तिरक्यांना वेगळी, एकत्र मिळून घसरगुंडी. कड निवडताना ही जागा सोडून निवडा, किंवा आधी किरणं समांतर करा, पण त्याला लेन्स आली आणि लांबी वाढली.

आणि गोंद! गोंदाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. इपॉक्सी उजळतं, निळ्या प्रकाशात तर फारच. फायबरवरचा पॉलिइमाइडचा थर पण उजळतो. टोकाशी फायबरभोवती जे दिसतं ते सगळं काळं भरा, आणि प्रकाशाच्या वाटेत गोंद येऊच देऊ नका. खिडकीचा गोंद फक्त कडेला. आमच्या फ्लुरोसन्स प्रोबमध्ये प्रत्येक पेशंटला ६९४ ला टोकदार शिखर दिसायचं. आम्ही पॉर्फिरिनचं (टिश्यूतलं लाल उजळणारं रंगद्रव्य) समजून खूश झालो होतो, ते ६३५ ला आणि मग ७०० च्या जरा पुढे उजळतं, जवळच वाटलं. पण टिश्यूतलं शिखर एवढं बारीक कधीच नसतं. खिडकी नीलमची होती, त्यात क्रोमियमचा अंश होता, आणि क्रोमियम असलेला नीलम म्हणजे माणिक, त्याची खूणच ६९४. पेशंटच्या जागी काळा कागद ठेवला, शिखर तसंच. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे, प्रोब अंधाराकडे तोंड करून मोजल्याशिवाय पेशंटकडे न्यायचा नाही.

डॉक्टरांनी दिव्याचं लिहिलंय त्यात भर. स्कोपचा दिवा झेनॉनचा असेल तर झेनॉनला ८२० ते १००० नॅनोमीटरमध्ये तीव्र रेषा असतात, आणि ७८५ ने उत्तेजित केलेला १८०० वेव्हनंबरपर्यंतचा रामन नेमका ९१४ पर्यंत येतो. स्कोपमधला इन्फ्रारेड फिल्टर किती अडवतो ते प्रत्यक्ष मोजून घ्या.

वाटसरू

एवढा त्रास काचेच्या आवाजाचा असेल तर एकच फायबर आणि सगळे फिल्टर पेटीत, असं करताच येत नाही का?

उंबरठा

येतं, एका ठिकाणी. २८०० ते ३७०० वेव्हनंबरच्या पट्ट्यात सिलिका शांत असते. तिथे चरबी, प्रथिनं आणि पाणी दिसतं. एकच फायबर, टोकावर काहीही नाही, सुईतून पण घालता येतो. फक्त ७८५ वापरलंत तर ३००० वेव्हनंबर पोचतं १०२७ नॅनोमीटरला, तिथे सिलिकॉनचा सीसीडी जवळपास झोपलेला असतो. म्हणून ६७१ सारखा लेझर घेतात, मग तेच ८४० ला येतं. पण तिथली माहिती कमी तपशिलाची असते, न्यूक्लिक आम्ल, फिनाइलअॅलनिन, अमाइडचे पट्टे वगैरे सगळे खालच्या भागात. पाणी आणि चरबीच्या प्रमाणावर तुमचं निदान भागत असेल तर हाच प्रोब घ्या, उगाच फिल्टरांच्या नादी लागू नका.

आणि लेझर किती सोडायचा हे पण टोकच ठरवतं. त्वचेसाठी ७८५ नॅनोमीटरला १० सेकंद किंवा जास्त वेळ धरला तर मर्यादा दर चौरस सेमीला साधारण ०.३ वॅट. मोजायचं छिद्र ३.५ मिमीचं धरतात, म्हणजे लहान ठिपक्यातून सलग जेमतेम २८ मिलिवॅट. एकाच सेकंदाचा शॉट असेल तर दर चौरस सेमीला १.६ ज्यूलपर्यंत मुभा मिळते. ठिपका मोठा केला की जास्त पॉवर सोडता येते पण खोली आणि जागेचा नेमकेपणा जातो. २०१५ मध्ये मॉन्ट्रिअलला मेंदूच्या शस्त्रक्रियेत हातात धरायचा रामन प्रोब १७ पेशंटवर वापरला, अर्धा मिलिमीटरचा ठिपका. सर्जनला गाठीची कड तिथल्या तिथे शोधायची असते, त्याला एवढाच ठिपका लागतो.

आकडेमोड

मी आकडेवारीचं काम करतो, असे डेटासेट माझ्याकडे शेवटी येतात, सगळं झाल्यावर. तेव्हा दोनच गोष्टी सांगतो.

समजा ४० पेशंट आणि प्रत्येकाचे ३० स्पेक्ट्रम. लोक म्हणतात आमच्याकडे १२०० नमुने आहेत. नाहीत, ४० आहेत. त्याच पेशंटचे काही स्पेक्ट्रम शिकवायला आणि काही तपासायला गेले की मॉडेल आजाराऐवजी माणूस ओळखायला शिकतं, आणि अचूकता भारी दिसते. अख्खा पेशंट एकतर इकडे किंवा तिकडे.

दुसरी गोष्ट थेट या धाग्याची. माझ्याकडे आलेल्या एका डेटामध्ये मधेच प्रोब तुटला म्हणून दुसरा लावला होता, आणि योगायोगाने दुसऱ्या प्रोबवर रुग्ण जास्त होते, पहिल्यावर निरोगी. मॉडेलची अचूकता ९० टक्क्यांच्या वर गेली. मग मी प्रोबचा नंबर ओळखायला सांगितलं, तो त्याहून चांगला ओळखला. सगळं काम वाया, त्या मंडळींचे चेहरे अजून आठवतात. म्हणून पहिल्या दिवसापासून निदान तीन प्रोब करा आणि ते मिसळून वापरा. दर सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक प्रोब त्याच फँटमवर मोजा, सिलिकॉन रबरमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड घालून केलेलं घट्ट फँटम वर्षभर टिकतं, इंट्रालिपिड दर वेळी नवीन. रिफ्लेक्टन्सला पांढरी प्रमाण फरशी, रामनला आडव्या अक्षासाठी पॉलिस्टायरिनची १००१ ची रेषा किंवा सायक्लोहेक्झेनची ८०१, आणि उभ्या अक्षासाठी एनआयएसटीची (अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था) एसआरएम २२४१ ही प्रमाण काच, ती ७८५ साठीच आहे. आणि प्रोबचा नंबर प्रत्येक फाइलमध्ये. एवढं मिळालं तर माझं निम्मं काम झालं.

सुईदोरा

तीन प्रोबमध्ये अजून एक फायदा, एक निर्जंतुक व्हायला गेलेला असताना दुसरा हातात. त्यावरून विचारते, माझ्याकडचा एक प्रोब ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) वीसेक वेळा गेल्यावर सिग्नल निम्मा झाला होता. दिसायला काही नाही. काय झालं असेल?

कंदील

बघितल्याशिवाय खात्रीने नाही, पण हे मी बऱ्याच प्रोबमध्ये पाहिलंय. १३४ अंशाची वाफ म्हणजे बहुतेक इपॉक्सी मऊ पडायच्या तापमानाच्या आसपास किंवा वर. स्टेनलेस स्टील तापमानाच्या दर अंशाला सिलिकाच्या तीसपट प्रसरण पावतं, इपॉक्सी त्याहून जास्त. प्रत्येक वेळी गरम होताना आणि थंड होताना फायबर नळीत कणभर सरकतं, पिस्टनसारखं. वीस वेळा झालं की टोक तीस-चाळीस मायक्रॉन आत गेलेलं किंवा बाहेर आलेलं असतं, शंकू भेटायची जागा बदलते. सूक्ष्मदर्शकाखाली फोकस बदलून उंची मोजली की लगेच कळतं. दुसरी शक्यता, खिडकीच्या कडेच्या गोंदातून वाफ शिरली आणि आतून धुकं धरलं.

उपाय महाग आणि स्वस्त दोन्ही आहेत. खिडकी नीलमची, धातूच्या कड्यात ब्रेझिंग करून (वितळलेल्या धातूने जोडून), गोंद नाहीच. नीलम निवडताना उंबरठा यांचं माणिक लक्षात ठेवा, शुद्ध प्रतीचा मागा. स्टीलऐवजी टायटॅनियमची नळी, प्रसरण निम्मं. फायबरवर ॲक्रिलेटचा थर असेल तर तो ८५ अंशापर्यंतचाच, ऑटोक्लेव्हमध्ये जाताच कामा नये, पॉलिइमाइड लागेल. आणि सोपा मार्ग, ऑटोक्लेव्ह टाळून इथिलीन ऑक्साइड किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा, तापमान कमी. पण तुमच्याकडे ती सोय आहे का हे प्रोब काढायच्या आधी विचारावं लागतं.

गारगोटी

धाग्यात मागितलं होतं त्यापेक्षा खूप जास्त मिळालं. तिसऱ्या प्रोबचं चित्र आता असं दिसतंय. दोन वाटा वेगळ्या ठेवायच्या, उथळ थरासाठी तिरकी टोकं, बंद हवेची फट आणि खिडकी, आणि खालच्या थरासाठी लांब ठेवलेलं सपाट टोकाचं एक फायबर, साधारण मिलिमीटरभर अंतरावर. दोन्हीतला फरकच सांगेल की बदल वर आहे की खाली, आणि रक्ताचा भाग खालच्यावरून काढून वरच्यातून वजा करता येईल. स्पेक्ट्रोमीटरच्या बाजूला सगळी फायबर एका उभ्या ओळीत, त्याच्या प्रकाश आत घेणाऱ्या फटीला (स्लिट) समांतर, आणि मध्ये एनए जुळवायला दोन लेन्स. टायटॅनियम नळी. तीन नग एकदम. आधी अंधारात मोजणार, मग फँटम, मग वीस वेळा निर्जंतुक करून दर वेळी सूक्ष्मदर्शकाखाली टोकाची उंची, आणि तोपर्यंत एकाही पेशंटला टेकवणार नाही. आकडे इथेच टाकेन, चांगले येवोत की वाईट.

डॉक्टर, हँडलवर बटण कुठे देऊ? अंगठ्याखाली चालेल?

सुईदोरा

बटण हँडलवर नकोच. दाबताना टोक हलतं, आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्ही मोजताय. पायाखाली पेडल द्या.

गारगोटी

पेडल. ड्रॉइंगमधून बटण काढलं.